आसनावरून उठल्यावर

बिरोबाची वस्ती, ता. खुलताबाद
३ मार्च २०२५

सुदर्शन,
रामराम. हे पत्र दुधाच्या गाडीवाल्या अभयकडे देतोय. तो रोज मुकुंदवाडीत डेअरीवर येतो, तिथून तुझं दुकान हाकेच्या अंतरावर. फोन केला असता, पण वस्तीवर रेंज एकाच जागी येते, मेंढरांच्या वाड्याच्या दगडी कुंपणावर चढलं की. आणि तिथं चढून बोललेलं सगळ्या वस्तीला ऐकू जातं. ही गोष्ट तशी बोलण्यासारखी नाही.

दादाचा गुडघा धरल्यापासून मेंढरं मी वळतोय हे तुला माहीत आहे. कंपनीतली वॉचमनची नोकरी सोडल्याचं वाईट वाटत नाही. अडचण एकच होती, ध्यानाला बसायची. आपण गुरुवारी लेणीखालच्या विहारात बसायचो ती शांतता घरात कुठली? तांबडं फुटायच्या आधी वहिनीची भांडी वाजतात, दादाचा खोकला सुरू होतो. म्हणून मी टेकडीवरच्या बिरोबाच्या देवळात बसू लागलो. लहानपणापासूनचं देऊळ, तिथं मला परकं वाटत नाही.

काल पहाटे श्वासावर मन ठेवलं. थोड्या वेळानं ते आपोआप तिथं राहिलं, मला धरून ठेवावं लागलं नाही. मग विहारातले भंते ध्यानातल्या आनंदाच्या ज्या उसळीला प्रीती म्हणतात ती आली. अंगावर काटा, डोळ्यांतून पाणी, आणि देह असा हलका की खाली फरशी आहे की नाही कळेना. हळूहळू तीही निवली. मागं नुसतं सुख राहिलं, उन्हातून येऊन सावलीत बसल्यासारखं. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. लांब कुणीतरी हाक मारतंय एवढं मधूनच जाणवलं.

डोळे उघडले तर समोर दहा-बारा माणसं हात जोडून बसलेली. माझं कपाळ, छाती, मांड्या, सगळं भंडाऱ्यानं पिवळं झालेलं. दादानं तर जमिनीला डोकं टेकलं होतं. माझा थोरला भाऊ, ज्यानं मेंढी हरवली म्हणून मला एकदा निवडुंगाच्या फडापर्यंत पळवलं होतं. मला हसू आवरेना. तर सत्यभामाकाकू म्हणाली, "बगा, देव हसला."

आमचे भगत सांडूबाबा दिवाळीत वारले. दर जत्रेला त्यांच्या अंगात देव यायचा आणि ते वर्षाची भाकणूक करायचे. पाऊस कसा पडेल, रोगराई येईल का, कुणाचं काम होईल. जत्रा चैत्रात आहे आणि त्यांची घोंगडी रिकामी आहे. वस्तीनं ठरवून टाकलंय की आता मी.

तू काय म्हणतोस?
बिरू

मुकुंदवाडी
६ मार्च २०२५

भगत महाराजांच्या चरणी,
दुकानात सध्या पाय ठेवायला जागा नाही. उन्हाळा तोंडावर आला की विहिरींवरच्या मोटारी जळतात आणि सगळा तालुका माझ्याकडं येतो. अशात तुझं पत्र वाचलं आणि हातातली कॉइल चुकीची भरली. पुन्हा उकलावी लागली. त्याचं पाप तुझ्या माथी.

आता चेष्टा पुरे. हे होणार हे मी तुला आधीच सांगत होतो. विहारातसुद्धा तू त्या गोडीच्या मागं असायचास. सगळे उठले तरी तू बसलेला, तोंडावर दूध प्यालेल्या मांजरासारखं सुख. भंते काय म्हणाले होते, आठव. सिद्धार्थ दोन गुरूंकडं गेला. त्यांची खोलातली खोल समाधी शिकला. गुरू म्हणाले, आता तू आमच्या बरोबरीचा, राहा इथंच. तो उठला आणि निघाला. का? कारण समाधीत दुःख झाकलं जातं, संपत नाही. डोळे उघडले की आहे तिथंच. म्हणून मी नुसतं बघतो. गुडघा दुखला, दुखणं आलं, थोडं राहिलं, गेलं. त्यात गोड काही नाही, पण माझ्यावर कुणी भंडारा उधळायला येत नाही हेही खरं.

देवळात बसणं बंद कर. वस्तीला सरळ सांग, मी ध्यान करतो, देव माझ्यात येत नाही. एका वाक्याचं काम आहे. का मनातून तुला ती घोंगडी आवडायला लागलीय? राग मानू नकोस, विचारतोय. आपण एका शाळेत एका सतरंजीवर बसलोय, मी नाही विचारणार तर कोण विचारणार?

सुदर्शन

बिरोबाची वस्ती
१४ मार्च २०२५

सुदर्शन,
एका वाक्याचं काम होतं ते केलं. दोनदा केलं. वाड्यावर दहा जण जमलेले असताना म्हटलं, "देव माझ्या अंगात येत नाय. मी ध्यान करतो, शहरात शिकलो." सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि समाधानानं माना हलवल्या. सत्यभामाकाकू म्हणाली, "सांडूबाबाबी पयल्यांदा असंच म्हनायचे. खोटा भगत लगेच व्हय म्हनतो. खरा नाय म्हनतो."

आता सांग, मी जितकं नाही म्हणेन तितका खरा ठरतो. यावर तुझ्या दुकानात काही उपाय असला तर पाठव.

घोंगडीचं विचारलंस त्याचं उत्तर देतो. आवडत नाही. माझी बिरोबावर श्रद्धा आहे, आजही पहिला नमस्कार त्यालाच. म्हणूनच त्याच्या नावानं माझं बोलणं खपवायला मी तयार नाही.

आणि गोडीचं. तू त्या प्रवचनाचं अर्धंच ऐकून आलास. सिद्धार्थ त्या गुरूंकडून निघाला, नंतर उपास करून करून हाडं वर आणली, तरी काही हाती लागलं नाही. तेव्हा त्याला आठवलं, लहानपणी बाप नांगर धरत असताना आपण जांभळाच्या सावलीत बसलो होतो आणि मन असंच निवलं होतं. मग त्यानं स्वतःलाच विचारलं, ज्या सुखात कुणाचं वाईट नाही, हाव नाही, त्या सुखाला मी का भ्यावं? तिथून त्याची वाट सुरू झाली. तू त्याचं निघून जाणं लक्षात ठेवलंस, मी जांभूळ.

पण हे पत्र वादासाठी नाही. बानावहिनीच्या छातीत गाठ आहे. आशा सेविका शालू घरी आली होती, तिनं तपासून सांगितलं, लगेच शहरात सरकारी दवाखान्यात दाखवा, उशीर करू नका. वहिनी म्हणाली, "जत्रंत देवाला इचारते. देव जा म्हनला तर जाईन." दादाही तेच म्हणतो. आणि या वर्षी देव म्हणजे मी.

घोंगडीवर बसून एक शब्द म्हणायचा, 'जा'. बाई वाचेल. पण तो शब्द देवाचा म्हणून सांगायचा. मला पंचशील एवढ्यासाठी घ्यायला लावलं होतं का की पहिल्याच मोठ्या वेळी मोडावं? आणि नाही मोडलं तर वहिनी मरेल का? भंतेंना विचार. मला इथून हलता येत नाही, मेंढरं आहेत.

बिरू

मुकुंदवाडी
१८ मार्च २०२५

बिरू,
पत्र वाचलं आणि शटर ओढून विहारात गेलो. आधी माझं मत सांगतो. म्हण. घोंगडीवर बस, डोळे फिरव, हवं तर थोडा थरथर, आणि 'जा' म्हण. बाईच्या जिवापुढं तुझं एक खोटं किती मोठं? तुझं शील मोडलं तर मी माझ्याकडचं देतो, माझं फारसं वापरलेलं नाही.

भंतेंना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते हो किंवा नाही म्हणतील. ते म्हणाले, "ध्यानातून उठल्यावर बिरूला सगळ्यात आधी काय दिसतं?" मी म्हटलं, "भंते, त्याच्या वहिनीच्या छातीत गाठ आहे." ते म्हणाले, "म्हणूनच विचारतोय." मग झाडांना पाणी घालायला उठून गेले. मला राग आला हे लपवत नाही. इकडं जिवाचं चाललंय आणि हे कोडी घालतात. पण विचारलंय ते तसंच्या तसं तुला कळवतो.

कामाचं सांगतो. आमची लेक संस्कृती आता एका दवाखान्यात नर्स आहे, तिला सरकारी दवाखान्यातलं सगळं ठाऊक आहे. वहिनींना आमच्याकडं आण. खालची खोली रिकामी आहे. जेवण, जाणं-येणं, रांगेत उभं राहणं, सगळं आमच्याकडं. तू फक्त त्यांना इथपर्यंत पाठव, खोट्यानं पाठव नाहीतर खऱ्यानं.

सुदर्शन

बिरोबाची वस्ती
२९ मार्च २०२५

सुदर्शन,
उद्या पाडवा. पत्राला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं कालच घडलं.

भंतेंचा प्रश्न मी बरोबर घेऊन बसत होतो. म्हणजे बसताना त्याचा विचार करायचा नाही, आणि उठल्यावर पहिलं काय दिसतं तेवढं बघायचं. कधी दगड दिसायचा, कधी कुंपणावरचा सरडा. पण दिसायचा तो पुरता दिसायचा. एरवी आपण सरडा बघतो तेव्हा अर्धं मन दुसरीकडं असतं.

काल उठलो आणि समोर वहिनी. खांबाला टेकून बसलेली, पदर दोन्ही मुठींत धरलेला. माझं लग्न नाही, तीस वर्षं मी तिच्या हातचं खातोय. आणि काल मला पहिल्यांदा दिसलं की ही बाई भ्यालेली आहे. गाठीला नाही, दुसऱ्याच कशाला तरी. ती माझ्याकडं बघत नव्हती, दाराकडं बघत होती, कुणी ऐकेल की काय तसं.

"कवापासून बसलात वहिनी?"
"मघापासून. देव हाय का गेला?"
"देव तिकडं हाय," मी मूर्तीकडं हात केला. "इथं मी हाय."
"मग मी येते नंतर."

ती उठायला लागली. मी म्हटलं, "वहिनी, तुमच्या आईला काय झालतं?"

सगळी वस्ती सांगते की तिची आई शहरात ऑपरेशननं मेली. वहिनीही तेच सांगते. काल ती परत बसली आणि खालच्या आवाजात बोलायला लागली. आईला अशीच गाठ होती. आईनं जत्रेत सांडूबाबांच्या अंगातल्या देवाला विचारलं. देव म्हणाला, थांब, कापू नको, मी बघतो. आई थांबली. पुढच्या चैत्रात पुन्हा विचारलं, देव म्हणाला थांब. शेवटी शहरात नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता कापून काय करू? "आपरेशन झालंच नाय भावजी. पर देवाचं चुकलं असं कसं सांगावं? म्हून आपरेशननं मेली म्हनतो आमी."

मी म्हटलं, "तुम्हाला एवढं ठाऊक हाय, मग आता कामून थांबताय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "आता देव जा म्हनला, तर माझ्या आईला कामून नाय म्हनला? तिचा काय गुन्हा व्हता? त्यापरीस मला बी थांबच म्हनू दे. म्हंजी आईचं बरोबर व्हतं."

सुदर्शन, ऐकलंस का? तिला 'थांब' ऐकायचं होतं. तुझ्या सांगण्याप्रमाणे मी डोळे फिरवून 'जा' म्हटलं असतं, तर ती एक तर गेली नसती, किंवा गेली असती आणि देवानं आपल्या आईला मुद्दाम मारलं ही गाठ घेऊन गेली असती. तुझ्यावर चिडत नाही, मीही तोच शब्द जिभेवर घोळवत होतो.

मी म्हटलं, "वहिनी, सांडूबाबा भला माणूस व्हता. पर थांब म्हनला तो सांडूबाबा. देव नव्हता."
"हे तुमाला देवानं सांगितलं?"
"नाय. मी बसतो तवा कुणी काय सांगत नाय. लई गप असतं. त्या गपमधी पाऊस-पाणी नसतं, तुमच्या गाठीचा इलाज नसतो. उठल्यावर समोरचं माणूस नीट दिसतं, येवढंच."

तिनं मुठीतला पदर सोडला. मग म्हणाली, "मग मी ऐकू कुणाचं?"
"दिराचं ऐका."
"दीर म्हून तुमी आजवर सांगितलेलं मीठ तरी येळंवर आणलं का?"

हसली. मग हळूच विचारलं, तिकडं बाई डॉक्टर असते का. मी म्हटलं, संस्कृतीला विचारतो. तर म्हणाली, "एक सांगते. मला जे सांगितलं ते जत्रंत समद्यांपुढं सांगा. आईचं बी सांगा, माझं नका सांगू. मग मी जाते. गुपचूप जाणार नाय. देवाचं मोडून गेली असं माझ्या माघारी कुणी म्हनाय नको."

तिचं म्हणणं बरोबर आहे. जत्रा बारा तारखेला. भंतेंना सांग, सगळ्यात आधी वहिनी दिसली. आणि तू म्हणतोस ते खरं, समाधीत दुःख संपत नाही. पण गढूळ पाण्यात तळ दिसत नाही, सुदर्शन. पाणी निवळावंच लागतं, आणि मग वाकून बघावंही लागतं. नुसतं निवळलेलं पाणी घेऊन बसणारा आणि गढुळात डोळे फाडून बघणारा, दोघांचंही काम अर्धं.

बिरू

मुकुंदवाडी
३ एप्रिल २०२५

बिरू,
बाई डॉक्टर आहे. सोमवारी आणि गुरुवारी असते. संस्कृतीनं स्वतः जाऊन विचारलं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गढुळात डोळे फाडून बघणारा म्हणजे मी, हे कळण्याइतकी अक्कल मला आहे. सहा वर्षं बसतोय, मन एकदाही तुझ्यासारखं निवलं नाही. कदाचित म्हणूनच मला ती गोडी खुपत असेल. ते माझं मी बघीन.

तुला मात्र एक सांगायचंय. भरल्या जत्रेत, ढोल वाजत असताना, सांडूबाबांना खोटं पाडायला निघालास. त्यांचे नातू पैलवान आहेत. दादा तुझ्याशी बोलणं टाकेल. मी येऊ का? तुझ्या शेजारी उभा राहीन. भांडणात माझा उपयोग नाही हे तुला शाळेपासून माहीत आहे, पण मार वाटून घेता येतो.

सुदर्शन

बिरोबाची वस्ती
१४ एप्रिल २०२५

सुदर्शन,
पत्र नंतर वाच. ते घेऊन दारात उभी आहे तिला आधी आत घे आणि पाणी दे. उन्हातून आलीय, आणि अभयची गाडी भयंकर आदळते.

आता वाच.

तू येऊ नको म्हणून मी अभयकडून निरोप दिला तो बरा दिला. बाहेरचा माणूस दिसला असता तर लोक म्हणाले असते, यानंच बिरूला फितवलं.

ढोल सुरू झाले, मला घोंगडीवर बसवलं. मी नाही म्हटलं नाही, त्याचा उपयोग नव्हता. बसलो, डोळे मिटले, श्वास धरला. तुला वाटेल, एवढ्या गोंगाटात काय ध्यान लागणार? सुख-बिख काही आलं नाही. पण मन धावत सुटलं नाही, आपल्या जागी राहिलं. छातीत भीती होती ती दिसत होती, आणि ती दिसत होती म्हणून माझ्या हातापायांत उतरली नाही. एवढं पुरेसं होतं. ढोल थांबले. सगळ्यांना वाटलं, आता देव बोलणार. मी घोंगडीवरून उठलो आणि खाली लोकांत येऊन उभा राहिलो.

म्हटलं, "हे मी बिरू बोलतोय. सांडूबाबांवर माझं प्रेम व्हतं. पर त्यांनी बानावहिनीच्या आईला दोन जत्रा थांब म्हटलं, आणि ती बाई गेली. आपरेशन झालंच नव्हतं. हे समद्यांनी झाकलं, कारण देवाचं चुकलं म्हणायला जीभ रेटंना. देवाचं चुकलं नाय. माणसाचं बोलणं आपण देवाच्या नावावर घातलं. माझं बोलणं तसं घालू नका. दुखणं असंल त्यानं दवाखान्यात जावं, आणि बिरोबाला नमस्कार करून जावं."

सांडूबाबांचा नातू उठला. "माझ्या आज्याला खोटा म्हनतो?" मी म्हटलं, "खोटा नाय म्हनत. माणूस म्हनतो." तो पुढं आला. दादा खाली मान घालून बसला होता, मला वाटलं, आता कुणी मधे पडणार नाही.

तेव्हा वहिनी उठली. बायकांतून सरळ पुढं आली आणि नातवाच्या समोर उभी राहिली. "माझी आई थांबली, लेकरा. मला बी तीच गाठ हाय. मी नाय थांबणार." तिचं सांगू नका असं मला बजावलं होतं, आणि तिनं स्वतःच सांगून टाकलं. मग देवापुढं गेली, भंडारा लावला, आणि टेकडी उतरून घरी निघाली. पोरगा बाजूला सरला. सत्यभामाकाकूनं माझ्याकडं पाहून तोंड फिरवलं, पण थोड्या वेळानं तीही वहिनीच्या मागं उतरली.

या वर्षी भाकणूक झाली नाही. पावसाचं काय होईल हे आम्हाला माहीत नाही. तसं ते कधीच नव्हतं.

दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आज सकाळी लंगडत रस्त्यापर्यंत गेला आणि अभयची गाडी त्यानंच थांबवली. वहिनीला गाडीत बसवताना मला एवढंच म्हणाला, "मेंढरं मी बगतो. तू पायजेल तवा जा शहरात."

वहिनीला दुधाचा चहा जास्त गोड लागतो. बाकी तुला ठाऊक आहे.
बिरू

मुकुंदवाडी
२ मे २०२५

बिरू,
ऑपरेशन झालं. गाठ वाईट होती, पण वेळेत सापडली, पसरलेली नाही. पुढं औषधं चालतील, केस गळतील, ते डॉक्टर बाईंनी वहिनींना आधीच नीट समजावून सांगितलंय. घाबरण्यासारखं नाही असं त्या ठामपणे म्हणाल्या, आणि ती बाई उगाच गोड बोलणाऱ्यांतली नाही.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. डोळे मिटले. तुझ्यासारखं काही झालं नाही, पण घड्याळ बघायची इच्छा बरीच कमी झाली. गुरुवारी तू विहारात आलास की आपण बोलू.

वहिनी म्हणतात, माझं पण घाला पत्रात. संस्कृती त्यांच्याजवळ बसून लिहून घेतेय. खालचं त्यांचं.

भावजी,
मी बरी हाय. टाके वढतात, पर भाकरी जाती. हितं डाळ लई पातळ असती. त्यांना सांगा, गुडघ्याला तेल लावत ऱ्हावा, आन् उन्हाचं मेंढरं लांब नेऊ नगा.

माज्या शेजारच्या खाटंवर अजिंठ्याकडची एक बाई हाय. तिचं आपरेशन उद्या. ती रडती आन् सारखी इचारती, मावशे, तू कोणत्या देवाला नवस केलता? मी म्हनलं, नवस नाय केला, दिराला इचारलं. ती म्हनली, काय सांगितलं त्यानं? मी म्हनलं, सांगितलं काय नाय, त्यानंच मला इचारलं, तुमच्या आईला काय झालतं.

ती बाई डोळं पुसून उठून बसली. मग तिच्या आईचं सांगाय लागली. अजून सांगतीच हाय, म्हून आता हितंच थांबते.
बाना